अनेक फोटो जोडून उथळ फोकसचा रुंद फोटो

८५ मिमी एफ/१.८ लेन्सने इतके फोटो काढा की जोडल्यावर दृश्य एका फ्रेमच्या ३.४ पट रुंद होईल. परिणाम साधारण २५ मिमी एफ/०.५३ लेन्ससारखा दिसतो, म्हणजे दृश्य रुंद आणि माणसामागचा भाग खूप धूसर. अशी लेन्स कुठे विकत मिळत नाही. रायन ब्रेनायझर या छायाचित्रकारामुळे ही पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. शटर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) सगळं पक्कं करा. ऑटोवर राहिलं तर आकाशात पट्टे उमटतात. माणसाच्या डोळ्यावर फोकस घेऊन लगेच फोकस मॅन्युअलवर टाका, म्हणजे तो हलणार नाही. त्यानंतर पुढेमागे सरकायचं नाही, फक्त कॅमेरा लेन्सभोवती वळवायचा.

आधी माणूस टिपा, तोही झटपट. चेहरा पूर्णपणे एकाच फ्रेममध्ये हवा, नाहीतर जोड नाकावरून जातो. मग त्याला मोकळं सोडा आणि बाकीचं दृश्य ओळीओळीने भरा. शेजारच्या फ्रेममध्ये एक तृतीयांश भाग सामाईक हवा. अगदी धूसर भागात मात्र निम्मा ठेवा, कारण तिथे सॉफ्टवेअरला जुळवायला खुणाच सापडत नाहीत. कडेला थोडं जास्तच टिपा, कापायला लागतं.

जोडण्यापूर्वी सर्व फायलींवर सारखीच व्हिनेटिंग (काळवंडलेले कोपरे) दुरुस्ती करा. एफ/१.८ ला कोपरे काळवंडतात आणि जोडल्यावर डाग दिसतात. फायली लहान करून ह्युजिन या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये द्या. ते मोफत आहे. जवळचं गवत किंवा कुंपण दुभंगलं, तर कॅमेरा लेन्सऐवजी तुमच्या शरीराभोवती फिरलेला असतो.