अमेरिकेच्या पोलिसांचा इतिहास डोक्यात बसवायचाय? असं करा

परवा रंकाळ्यावर बसल्यावर पोरांनी विचारलं म्हणून लिहितोय. पयलं म्हणजे आपलं पोलीस खातं डोक्यातनं काढा, कारण आपला एसपी राज्य सरकारचा माणूस, आणि तिकडं शहराचं पोलीस वेगळं, काउंटीचा (म्हणजे तिकडचा जिल्हाच समजा) शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, वेगळा अन् तो तर बहुतेक ठिकाणी मतं मागून निवडून येतो, हे कळलं की निम्मं काम झालंच बघा.

मग वहीत दोन रकाने पाडा. एकात उत्तरेची शहरं: आधी रात्रीची गस्त, मग 1829 ला लंडनमध्ये पोलीस दल उभं राहिलं ते बघून 1838 ला बोस्टन, 1845 ला न्यूयॉर्क. दुसऱ्यात दक्षिण, इथं घाई करू नका भावांनो. 1700 च्या सुरवातीपासनं कॅरोलिनात गुलामांवर नजर ठेवायला, पळालेल्यांना धरायला गस्ती पथकं होती, बऱ्याच नोट्समध्ये हे एका ओळीत उरकतात, मला ते अजिबात पटत नाही, गुलाम म्हटलं तरी माणसं होती ती.

फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा भाग सोपा: मार्शल (केंद्राच्या कोर्टांचे पोलीस) 1789, एफबीआय या केंद्राच्या तपास खात्याची सुरवात 1908 ला, आत्ताचं नाव 1935 ला. शेवटी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांच्याबद्दल वाचा, शिकलेला पोलीस हवा हा त्यांचा हट्ट होता.