जवळपास फिरताना काढलेले फोटो का फसतात? ऋतूंनुसार या चुका टाळा

हौशी छायाचित्रकाराची सगळ्यात महागात पडणारी चूक कॅमेऱ्यातली नसते. 'इथे आसपास काढण्यासारखं आहे काय?' असं म्हणून तो कॅमेरा पुढच्या सहलीपर्यंत कपाटात ठेवून देतो, ती चूक. मग वर्षातून एकदा-दोनदा कॅमेरा बाहेर निघतो, तोही अशा ठिकाणी जिथे फसलेला फोटो पुन्हा काढायला मिळत नाही.

रोजच्या वाटेवर मात्र झाड तेच, तळं तेच, भिंतही तीच. बदलतात फक्त ऊन, हवा आणि पाणी. त्यामुळे आज फोटो बिघडला तर कारण शोधणं सोपं जातं, आणि उद्या त्याच जागी जाऊन ते तपासताही येतं. फोटोतली चूक फोटोतच वाचता येते असं माझं ठाम मत आहे, आणि ते शिकायला ओळखीच्या वाटेसारखी जागा नाही.

कालची सेटिंग आजच्या उन्हात

संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील हे सांगणारा आकडा, ३२०० केलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आकड्यावर उन्हातली फुलं काढली जातात आणि घरी आल्यावर सावल्यांमध्ये दाणेच दाणे दिसतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत एक्सपोजर कॉम्पेन्सेशनही (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सेटिंग) कॅमेरा बंद केला तरी तसंच राहतं. लेन्सवरचं बटण मॅन्युअल फोकसवर राहून गेलेलं असतं, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) बल्बच्या उजेडाचा असतो. दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी आयएसओ, कॉम्पेन्सेशन, व्हाइट बॅलन्स, फोकस, बॅटरी आणि कार्ड एवढं बघायची सवय लावून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

'फोटो हलला' म्हणजे नक्की काय झालं?

धूसर फोटो दिसला की बहुतेक जण सरसकट म्हणतात, 'हात हलला'. पण धूसरपणाची कारणं वेगवेगळी आणि उपायही वेगळे. फोटो शंभर टक्के मोठा करून बघा.

सगळीच चौकट एकाच दिशेला ओघळल्यासारखी दिसत असेल तर कॅमेरा हलला आहे. हातात धरून काढताना शटरचा वेग निदान १/फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) हवा: २०० मिमीला १/२०० सेकंद, आणि एपीएस-सी सेन्सर (फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरहून लहान) असेल तर दीडपट, म्हणजे १/३०० च्या आसपास. मागची भिंत स्पष्ट आणि पळणारं मूल तेवढं पुसट असेल, तर मूल शटरपेक्षा जलद होतं. इथे लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही. ते आपला हात सावरतं, समोरच्याला थांबवत नाही. खेळणाऱ्या मुलांना १/५००, उडत्या पक्ष्याला १/१००० ते १/२००० लागतोच. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर बेलाशक वाढवा. दाणे कमी करता येतात, हललेला चेहरा सरळ करता येत नाही. आणि चेहरा मऊ पण कान किंवा मागची फांदी टोकदार असेल, तर फोकस चुकीच्या जागी बसलाय. कॅमेऱ्याला स्वतःहून फोकसचा बिंदू निवडू देऊ नका. एकच बिंदू घेऊन तो डोळ्यावर ठेवा, किंवा डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा.

मोबाईलवाल्यांसाठी चौथं कारण आहे. दिव्यांभोवती तेलकट पट्टे आणि सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा दिसला की आधी लेन्सवरचा बोटाचा ठसा पुसा.

पावसाळा: पाणी बाहेरून कमी, आतून जास्त

पावसात कॅमेरा भिजेल याची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून तिथे सहसा काळजी घेतली जाते. नुकसान होतं ते न दिसणाऱ्या ओलाव्यामुळे. एसीच्या थंड खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत आणला की लेन्सवर वाफ धरते. ती पुन्हा पुन्हा पुसून उपयोग नाही, काच गार असेपर्यंत ती येतच राहणार. अशा वेळी लेन्स बदलायला तर मुळीच जाऊ नका, नाहीतर तीच वाफ सेन्सरवर धरेल. निघण्याच्या अर्धा तास आधी कॅमेरा बॅगेतच, चेन लावून, एसी नसलेल्या खोलीत आणून ठेवा. कडक थंडीतून उबदार घरात शिरताना उलटा क्रम: दाराबाहेरच कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि घरात तो उबेला आल्यावरच पिशवी उघडा. मग वाफ पिशवीवर धरते, काचेवर नाही.

दुसरा शत्रू बुरशी. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली आणि लेन्स अंधाऱ्या कपाटात पडून राहिली की आतल्या काचांवर बुरशी धरू लागते. विजेरीचा झोत लेन्समधून आरपार टाकून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर लगेच दुरुस्तीला द्या. लवकर लक्षात आलं तर साफ होते, उशीर झाला तर ती काचेवरचा लेप खाते आणि मग डाग कायमचा राहतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० ते ५० मध्ये राखा. नारिंगी सिलिका जेल हिरवं झालं की ते भरलं. सुमारे १२० अंशांवर तापवलं की पुन्हा कामाला येतं. लेन्स कापडी किंवा चामडी बॅगेत महिनोन्‌महिने ठेवू नका, अशी बॅग ओल धरून ठेवते. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लेन्स वापरत राहा, तिला उजेड आणि वारा लागू द्या.

फोटोंबद्दल बोलायचं तर पावसाळ्यातली मोठी तक्रार असते, 'पानं हिरवी दिसत नाहीत, पांढरट दिसतात.' ओल्या पानावर आभाळ चकाकत असतं, म्हणून. पोलरायझर फिल्टर लावून हळूहळू फिरवा. एका कोनात चकाकी उतरते आणि आतला हिरवा वर येतो. हा फिल्टर एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा शटरच्या वेगावर नजर ठेवा. पडणारा पाऊस दिसायला हवा असेल तर मागे गडद काहीतरी घ्या आणि १/६० च्या आसपास वेग ठेवा, म्हणजे धारांच्या रेघा उमटतात. १/१००० ला थेंब गोठतात आणि बहुतेक वेळा दिसेनासेच होतात.

इंद्रधनुष्याच्या मागे भलत्या वेळी धावण्यातही अर्थ नाही. त्याची कमान सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून ४२ अंशांवर असते. सूर्य ४२ अंशांहून वर चढला की सपाट जमिनीवरून ती दिसतच नाही. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर आभाळ धुंडाळू नका. सकाळी किंवा उतरत्या दुपारी, सूर्य पाठीशी घेऊन बघा. पूर्ण कमान चौकटीत हवी असेल तर फुल-फ्रेमवर २० मिमी किंवा त्याहून रुंद लेन्स लागते. पोलरायझर मात्र जपून, चुकीच्या कोनात तो इंद्रधनुष्यच पुसून टाकतो.

थंडी: धुकं राखाडी का येतं?

धुक्याची सकाळ डोळ्यांना उजळ, मोत्यासारखी दिसते आणि फोटोत मळकट राखाडी. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. त्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो, मग समोर पांढरं धुकं असो की बर्फ. तुम्हीच त्याला सांगायचं: एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +१, बर्फ असेल तर +१.५ ते +२. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, उजवीकडे सरकायला हवा, पण कडेला आदळायला नको. गडद शेवाळलेल्या भिंतीपुढे याच्या उलट, उणे बाजूला जावं लागतं.

धुक्यात फोकस पुढे-मागे भटकत राहतो, कारण त्याला पकडायला कडाच सापडत नाही. बिंदू खांबाच्या किंवा खोडाच्या काठावर न्या. सूर्योदयाचा सोनेरी रंग फोटोत उतरत नसेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स बघा. तो रंग चूक समजून 'दुरुस्त' करतो. डेलाइट किंवा क्लाउडी ठेवा. बॅटरी कडक थंडीत लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटरी अंगालगतच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत संपल्यासारखी वाटलेली बॅटरी ऊब मिळाली की अनेकदा आणखी थोडी चालते.

उन्हाळा: तिपाई आहे, वेग आहे, तरी फोटो मऊच

तळ्यापलीकडचा पक्षी, ४०० मिमीची लेन्स, भक्कम तिपाई, १/२००० वेग, फोकसही अचूक, आणि तरी पिसं लोण्यासारखी. लोक लेन्स सदोष आहे म्हणून परत करायला निघतात. दोष बहुतेक वेळा मधल्या हवेचा असतो. तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा आणि वरची थंड हवा प्रकाश वेगवेगळा वाकवतात, आणि लेन्स जितकी लांब तितकं ते थरथरणं मोठं होऊन दिसतं. एकामागोमाग फोटोंची एक माळ काढून बघा. प्रत्येक चौकटीत कडा वेगळ्या वाकड्या असतील तर निदान पक्कं. यावर कुठलीही सेटिंग चालत नाही. पहाटे या, किंवा अंतर कमी करा.

भर दुपारी फोटोच काढायचे नाहीत हा नियम मला पटत नाही. दुपारी उघड्यावर माणसांचे चेहरे काढू नयेत एवढंच खरं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो. त्यांना सावलीच्या कडेला आणा, तोंड मोकळ्या आभाळाकडे. उन्हात राहायचंच असेल तर मागून उजळलेली पानं आणि भिंतीवरच्या टोकदार सावल्या दुपारीच मिळतात. कॅमेरा बंद गाडीत मात्र ठेवू नका.

स्वच्छ आभाळात प्रत्येक फोटोत एकाच जागी राखाडी ठिपका दिसतो? ती सेन्सरवरची धूळ. एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप लहान करून, मोकळ्या आभाळाचा फोटो काढला की ती नेमकी कुठे आहे ते कळतं. आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने (ब्लोअरने) वारा मारा, कापड लावू नका. तोंडाने तर कधीच फुंकू नका, थुंकीचे कण चिकटतात.

चंद्र आणि दिवे

घरामागून उगवणारा भलामोठा चंद्र फोटोत पांढरा ठिपका होतो, यात दोन चुका एकत्र असतात. पहिली एक्सपोजरची: चंद्रावर ऊन पडलेलं असतं, पण काळ्या आभाळाला भुलून कॅमेरा त्याला जाळतो. पौर्णिमेच्या आसपास चंद्र वर आल्यावर एफ/११, आयएसओ १००, १/१०० पासून सुरुवात करा. क्षितिजाजवळ तो मंद असतो, तिथे उजेड वाढवा. दुसरी चूक अंतराची: चंद्राचा व्यास आभाळात जेमतेम अर्धा अंश, त्यामुळे २०० मिमीच्या लेन्सनेही सेन्सरवर तो २ मिमीपेक्षा लहान पडतो. त्याला मोठा दाखवायचा तर पुढच्या वस्तूपासून तुम्ही लांब जा. सुमारे २०० मीटर दूर उभा असलेला माणूस चंद्राएवढाच दिसतो. आणि पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी या. तेव्हा चंद्र सूर्य मावळण्याआधीच वर येतो, जमिनीवरही उजेड असतो, आणि एकाच एक्सपोजरमध्ये दोन्ही बसतात.

रस्त्यावरच्या दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर वीजपुरवठ्याच्या वारंवारतेशी वेग जुळवा: ५० हर्ट्झ असेल तिथे १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६०. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर घेतल्यानेही पट्टे कमी होतात.

घरी आल्यावर

ओळखीच्या वाटेवर घरटं सापडलं की रोज जवळ जायचा मोह होतो. पक्षी अंड्यांवरून उठू लागला किंवा ओरडू लागला तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरा, फ्लॅश नको, आणि फोटो कुणाला पाठवण्याआधी त्यातली ठिकाणाची नोंद काढून टाका. मुलांच्या फोटोंचंही तसंच, आणि तिथे आधी पालकांना विचारा.

फोटो संगणकावर उतरवून दुसऱ्या ड्राइव्हवर त्यांची प्रत झाल्याशिवाय कार्ड रिकामं करू नका. नंतर ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फसलेले फोटो रस्त्यातच, छोट्या पडद्यावर बघून पुसू नका. घरी मोठ्या पडद्यावर त्यांचा वेग, आयएसओ आणि वेळ वाचा, आणि पुढच्या फेरीला त्याच जागी फक्त एक आकडा बदलून बघा.