दिवाळी अंकातल्या प्रेमकथेचा सोहळा कसा करावा

दिवाळी अंक घरात येतात तेव्हा त्यांचा केवढा थाट असतो! फराळाच्या ताटाशेजारी, उशाशी, गाडीच्या डिकीत, सगळीकडे अंकच अंक. तुळशीचं लग्न उरकलं की ते कपाटावर चढतात आणि होळीच्या सुमाराला रद्दीवाल्याच्या काट्यावर जातात. त्याच गठ्ठ्यात एखादी अप्रतिम प्रेमकथाही जाते, याचं मला दरवर्षी मनापासून वाईट वाटतं. कादंबरीचं परीक्षण येतं, कथासंग्रहाला पुरस्कार मिळतो. अंकात सुटी छापून आलेल्या कथेच्या वाट्याला फार तर चार-दोन फोन येतात. प्रेमकथा असेल तर तेवढेही नाहीत, कारण ‘छान आहे, हलकंफुलकं आहे’ म्हणून आपण पान उलटतो.

खरं तर मराठी कथा मासिकांच्याच अंगणात वाढली. का. र. मित्रांनी १९०९ साली आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणाऱ्या कथेला तेव्हा ‘संपूर्ण गोष्ट’ म्हणत. वि. सी. गुर्जरांसारखे लेखक अशाच गोष्टींतून घराघरांत पोचले. तेव्हा चांगल्या कथेचं कौतुक करायचं तर ती जिथे छापून आली त्या अंकासकट करावं, पुस्तक निघण्याची वाट बघू नये. आमचा नऊ जणांचा वाचनगट काही वर्षं हे करतो आहे. त्यात जे जमलं आणि जे फसलं त्यावरून हे लिहिते आहे.

अंक जमवा, पण आधी माणसं जमवा

पाच ते दहा जण पुरेत. त्यात एक तरी पंचविशीच्या आतलं आणि एक तरी सत्तरीच्या पुढचं माणूस असावं. प्रेमकथेवर या दोघांचं सहसा एकमत होत नाही, आणि तीच खरी गंमत असते. अंकांसाठी गावातल्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना सगळ्यात सोयीची: एकदा वर्गणी भरायची आणि दर काही दिवसांनी अंक बदलून आणायचे. शिवाय प्रत्येकाने निदान एक अंक विकत घ्यावा. अंक जगले तरच कथा छापून येतील.

नोव्हेंबर-डिसेंबर वाचनाला, जानेवारी निवडीला आणि फेब्रुवारीत निवडलेल्या कथा मोठ्याने वाचून दाखवण्याचा कार्यक्रम, हे वेळापत्रक आम्हाला मानवलं आहे. तारीख १४ फेब्रुवारी ठेवा किंवा २७ तारखेचा मराठी भाषा गौरव दिन धरा. आमचा अनुभव असा की २७ तारखेला गावात इतके कार्यक्रम असतात की श्रोते वाटले जातात.

प्रेमकथा कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

अनुक्रमणिकेत ‘प्रेमकथा’ असा मथळा क्वचितच दिसतो. बहुतेक वेळा नुसतं ‘कथा’ लिहिलेलं असतं आणि वाचल्यावर कळतं की ही तर प्रेमाचीच गोष्ट. आम्ही एकच कसोटी लावतो: दोन माणसांमधलं प्रेम काढून टाकलं तर गोष्ट उरते का? उरत असेल तर ती आमच्या यादीत नाही. या कसोटीवर कॉलेजातली जोडीही बसते आणि चाळीस वर्षं संसार केलेली जोडीही. दुसरी मर्यादा लांबीची. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तीन हजार शब्दांच्या कथेला जवळजवळ अर्धा तास लागतो. त्याहून फार मोठी कथा निवडीत घ्या, पण कार्यक्रमात तिचा एखादा भागच वाचावा लागेल हे लक्षात ठेवा.

लेखकाचं नाव झाका

ही पायरी गाळू नका. कथेच्या पहिल्या पानावर लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी टाचणीने लावायची आणि मगच अंक पुढच्याला द्यायचा. (डिंक लावू नका, वाचनालयाचा अंक खराब होतो.) पहिल्या वर्षी आम्ही हे केलं नव्हतं. तेव्हा निवडलेल्या तिन्ही कथा नावाजलेल्या लेखकांच्या निघाल्या. दुसऱ्या वर्षी पट्ट्या लावल्या, आणि सगळ्यांना आवडलेली कथा आमच्यापैकी कोणीही नाव न ऐकलेल्या बाईंची होती. पट्टी काढली तेव्हा खोलीत क्षणभर सगळे गप्प झाले, मग टाळ्या झाल्या.

गुण देऊ नका, आठवण तपासा

दहापैकी सात, दहापैकी आठ असल्या आकड्यांतून काही कळत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने आपली एक वही करावी. कथा वाचून झाल्यावर लगेच काही लिहायचं नाही. आठ दिवस जाऊ द्यायचे आणि मग अंक न उघडता तीन गोष्टी लिहायच्या: काय आठवतं, कुठे थबकलो, शेवट पटला का.

या पद्धतीने कथेची खरी ताकद दिसते. एका कथेतला निवृत्त नवरा रोज सकाळी बायको उठायच्या आत तिच्या चष्म्याच्या काचा धोतराच्या सोग्याने पुसून ठेवायचा. अख्ख्या कथेत ‘प्रेम’ हा शब्द नव्हता. आठ दिवसांनी नऊपैकी सात वह्यांत तो चष्मा होता. दुसऱ्या एका कथेत पावसात भिजत निरोप घेण्याचा मोठा प्रसंग होता, वाचताना डोळे भरून आले होते, पण वहीत तो कोणाच्याच आला नाही. पहिली कथा निवडायला मग चर्चाच करावी लागली नाही.

जिथे मतं फाटतात तिथे मात्र भरपूर वेळ द्या. आमच्याकडे वाद बहुतेक शेवटावरूनच होतो. ना. सी. फडक्यांच्या लेखनावर वाढलेल्या पिढीला गाठ नीट बसून नीट सुटलेली हवी असते. फडक्यांनंतरची, ठरीव साचा मोडणारी नवकथा वाचत आलेल्यांना शेवट अर्धवट सोडलेला चालतो, किंबहुना आवडतो. दोघांनाही आपापली बाजू कथेतल्या ओळी वाचून दाखवून मांडायला सांगा. नुसतं ‘मला वाटतं’ म्हणून भागत नाही. शेवटी तीनपेक्षा जास्त कथा निवडू नका. सात निवडल्या तर कोणाचंच कौतुक होत नाही.

परवानगी मागा

कथेचा हक्क लेखकाचा. आपल्या कायद्यात लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं तो राहतो, आणि ही वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. फडके १९७८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथांवर २०३८ अखेरपर्यंत हक्क आहे. गुर्जर १९६२ साली गेले, त्यांच्या कथा आता मोकळ्या आहेत. छोटा उतारा जाहीर वाचायला कायद्याची हरकत नाही, पण पूर्ण कथा वाचणार असाल तर विचाराच. अंकात संपादकीय पत्ता आणि फोन असतो. तिथे कळवलं की लेखकापर्यंत निरोप जातो. पत्रात कथेचं नाव, अंक, कार्यक्रमाची तारीख, तिकीट आहे की नाही आणि कथा कोण वाचणार एवढं असलं की पुरतं. ‘तुमची कथा आम्ही निवडली’ हे कळल्यावर अजून एकही लेखक नाही म्हणालेला नाही.

आणि कथेची पानं मोबाइलवर काढून गटागटांत फिरवू नका. आपल्याला ते कौतुक वाटतं, पण त्यात अंकाचं नुकसान असतं. आवडली तर अंकाचं नाव कळवा आणि कुठे मिळेल ते सांगा.

अभिवाचनाची तयारी

वाचणाऱ्याने कथा निदान तीनदा मोठ्याने वाचलेली हवी. पेन्सिलीने श्वासाच्या जागा खुणावून ठेवा. संवाद फार असतील तर दोन आवाज घ्या, पण नाटक करू नका. हुंदके वाचणाऱ्याने द्यायचे नसतात, ते ऐकणाऱ्याचे असतात. मागे बासरी वाजवण्याचा मोह बहुतेकांना होतो. माझं स्पष्ट मत आहे की संगीत नको. चांगल्या कथेत वाक्यावाक्यांमध्ये शांतता असते आणि बासरी नेमकी तीच भरून टाकते. वेळ कमी पडतोय म्हणून लेखकाला न विचारता परिच्छेद गाळणंही नको.

पन्नास खुर्च्या मांडण्यापेक्षा सतरंजीवर तीस माणसं जवळ बसवा. चहा मध्यंतरात ठेवा, वाचन चालू असताना कपबशा वाजल्या की रंग जातो.

कौतुक पोचवा

लेखकाला बोलावणार असाल तर प्रवासखर्च आणि मानधन आधीच ठरवून कळवा, भले रक्कम लहान असो. शाल-श्रीफळाऐवजी आम्ही वह्यांतली पानं हाताने उतरवून, शिवून त्याची छोटी पुस्तिका देतो. ‘पान उलटताना चष्म्यापाशी थांबले, आणि उठून ह्यांचा चष्मा पुसून ठेवला,’ असं आमच्यातल्या एका आजींनी लिहिलं होतं. लेखिकेने ते वाचलं आणि भाषणाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

लेखक येऊ शकत नसेल तर पत्र पाठवा. ‘कथा खूप आवडली’ एवढंच लिहू नका. कुठली ओळ, का, आणि ती वाचताना तुमचं काय झालं, ते लिहा. त्याच पत्राची एक प्रत संपादकांना जरूर धाडा. पुढच्या वर्षी कोणाकडून कथा मागवायची हे ठरवताना त्यांच्या टेबलावर ती असेल.

शेवटचं काम वाचनालयात

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांना भेटा. वाचनालयाच्या नोंदीत अंक सापडतो, त्यातली कथा सहसा सापडत नाही. म्हणून निवडलेल्या प्रत्येक कथेचं एक कार्ड करून द्या: कथा, लेखक, अंक, वर्ष, पान क्रमांक. हे अंक रद्दीत जाऊ नयेत अशी विनंती करा, आणि बांधणीचा खर्च गटाने उचलावा. आमच्या वाचनालयात खिडकीजवळच्या कपाटात आता अशी एक छोटी पेटी आहे. तिच्यातलं पहिलं कार्ड पट्टी लावून वाचलेल्या त्या कथेचं आहे.