स्कॅनर बदलण्याआधी नोटपॅड उघडा

नौपाड्यातल्या आमच्या स्टेशनरीच्या दुकानात ऐन जूनमध्ये, वह्यांच्या गर्दीत, बारकोड वाचणारा स्कॅनर रुसला. कधी बीप वाजायचा, बिलात काहीच नाही. कधी बीपच नाही.

यूएसबीचा स्कॅनर बहुतेक वेळा कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो. म्हणून आधी नोटपॅड उघडून त्यात एखाद्या भारतीय मालाचा बारकोड स्कॅन करा. ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर नीट उमटला, तर स्कॅनर धडधाकट आहे. घोळ बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा कर्सर भलत्याच रकान्यात असण्यात. आमच्याकडे तर गंमतच: मी ग्राहकाचं नाव लिहायला कीबोर्ड मराठी केला होता, तो तसाच राहिला. आमच्या लेबलांवरच्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी जंजाळ उमटत होतं!

नंबर येतो पण ओळ पुढे सरकत नाही? मॅन्युअलमधला एंटरचा कोड, म्हणजे प्रत्येक नंबरानंतर आपोआप एंटर दाबला जावा यासाठीचा बारकोड, स्कॅन करा. ते पुस्तक टाकू नका, फॅक्टरी रीसेटचा कोडही त्यातच असतो.

बीपच नसेल तर वायर हलवून बघा. गल्ल्याच्या कडेला सतत वाकून ती हँडलपाशीच तुटते. मग काच मऊ कापडाने पुसा. चकचकीत पाकिटावर स्कॅनर जरा तिरका धरा, समोरून प्रकाश उलटून येतो.

एवढं करूनही ठरावीक मालच वाचला जात नसेल, तर दोष लेबलचा. थर्मल, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेली, लेबलं उन्हात फिकी पडतात. दर्शनी काचेतल्या मालाची आम्ही पुन्हा छापली.