मायनर लीगमधल्या प्रॉस्पेक्टवर हंगामभर नजर कशी ठेवावी

मेजर लीग ही बेसबॉलची सर्वोच्च लीग. तिच्या ३० संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली, म्हणजे मायनर लीगमध्ये, पूर्ण हंगाम खेळणारे चार संघ असतात, आणि तिथून वर जाऊ शकेल अशा होतकरू खेळाडूला प्रॉस्पेक्ट म्हणतात. शिवाय ॲरिझोना, फ्लोरिडा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नवख्या पोरांचे संघ असतात ते वेगळेच. २०२४पासून एका संघाला अमेरिकेत जास्तीत जास्त १६५ मायनर लीग खेळाडू ठेवता येतात. म्हणजे एकूण पाच हजारांच्या घरात खेळाडू झाले. एवढ्यांचा माग कुणालाच ठेवता येत नाही. पंधरवड्यात सोडून देतात ते बहुतेक इथेच चुकलेले असतात: शंभर नावांची यादी करायची आणि रोज सकाळी कुणी होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारला एवढंच बघायचं. त्याऐवजी बारा ते पंधरा खेळाडू निवडा आणि प्रत्येकाबद्दल हंगामाआधीच एक प्रश्न लिहून ठेवा. "हा स्ट्राइकआउट कमी करतो का?" "याची तिसरी पिच तयार होते का?" "हा शॉर्टस्टॉपलाच टिकतो का?" (स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद होणं, पिच म्हणजे पिचरचा, अर्थात गोलंदाजाचा, चेंडू किंवा चेंडूचा प्रकार, आणि शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा.) प्रश्न लिहिलेला असला की सहा महिन्यांच्या आकड्यांच्या ढिगातून नेमकं काय वेचायचं ते आपोआप ठरतं.

पायऱ्या आणि वय

खालून वर पाहिलं तर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या आहेत. ट्रिपल-एचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि त्यात १५० सामने असतात. डबल-एत १३८, तर खालच्या दोन पायऱ्यांवर १३२ सामने होतात आणि हे तिन्ही हंगाम एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होतात. ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या नवख्यांच्या कॉम्प्लेक्स लीग मेच्या सुरुवातीपासून जुलैअखेरपर्यंत चालतात.

पायरीइतकंच महत्त्वाचं आहे वय. सिंगल-एत साधारण वीस वर्षांचे, डबल-एत साधारण तेवीस वर्षांचे खेळाडू जास्त असतात. ट्रिपल-एत तर मेजर लीगमधून परत आलेले तिशीचे गडीही भरपूर. म्हणून १९ वर्षांच्या पोराने डबल-एत ०.२५० सरासरी राखणं हे २४ वर्षांच्या खेळाडूने हाय-एत ०.३१० मारण्यापेक्षा कितीतरी मोलाचं. (सरासरी म्हणजे हिट, अर्थात चेंडू मारून सुरक्षित बेस गाठणं, भागिले ॲट-बॅट. ॲट-बॅट म्हणजे फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या; वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस, त्यात धरत नाहीत.) बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर खेळाडूच्या मायनर लीगच्या पानावर त्याचं वय लीगच्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त आहे याचा स्वतंत्र रकानाच असतो. त्यात उणे दोन किंवा त्याहून खाली आकडा दिसला की त्या खेळाडूला जास्त सवलत द्या.

यादी करताना मेजर लीगच्या एमएलबी पाइपलाइन या संकेतस्थळाची प्रत्येक संघाची तीस नावांची यादी आणि फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाचा बोर्ड (प्रॉस्पेक्टची क्रमवारी) शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडे २० ते ८० अशा मापावर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी दर्जा. ज्याच्याबद्दल दोन्हीकडचं मत जुळत नाही तो खेळाडू आवर्जून घ्या, कारण हंगामात सगळ्यात जास्त शिकायला त्याच्याकडूनच मिळतं. चारही पायऱ्यांवरचे दोन-तीन जण हवेत, आणि निदान पाच पिचर हवेत.

घड्याळ

मायनर लीगचं वेळापत्रक फार सोयीचं आहे. एकाच प्रतिस्पर्ध्याशी मंगळवार ते रविवार सहा सामने, आणि सोमवारी सहसा सुट्टी. उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७.०५चा सामना भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३५ला सुरू होतो, तर पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी ७.३५ला. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून माग ठेवायचा तर बुधवार ते सोमवार सकाळी साडेदहानंतर दहा मिनिटं बॉक्स स्कोअर (सामन्यांचे तपशीलवार धावफलक) पाहायचे आणि मंगळवारी सकाळी पाऊण तास आठवड्याचा हिशेब करायचा. रविवारी दुपारी १.०५चा पूर्वेकडचा सामना मात्र आपल्या रात्री १०.३५ला लागतो. थेट बघायचा असेल तर तोच निवडा.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना तर गाडी काढली की ब्रिजवॉटरला यांकीजचा डबल-ए संघ, सॉमरसेट पेट्रियट्स, बघता येतो. सॅन होजेत जायंट्सचा सिंगल-ए, डॅलसजवळ फ्रिस्कोत रेंजर्सचा डबल-ए आणि ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये ॲस्ट्रोजचा ट्रिपल-ए संघ आहे. सामन्याआधी तासभर पोहोचा, कारण फलंदाजीचा आणि इनफिल्डचा (बेसांजवळच्या क्षेत्ररक्षणाचा) सराव सामन्याइतकंच सांगून जातो. बसायला शक्यतो होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागची जागा घ्या. पिच किती वळली, किती बुडाली ते बाजूने नीट कळत नाही.

वहीतले रकाने

एक स्प्रेडशीट करा आणि प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक पायरीसाठी वेगळी ओळ ठेवा. हाय-ए आणि डबल-एचे आकडे एकत्र केलेत की हंगामाची सगळी गोष्टच पुसली जाते. फलंदाजासाठी रकाने असे: तारीख, पायरी, किती वेळा प्लेटवर आला, स्ट्राइकआउटची टक्केवारी, वॉकची टक्केवारी, आयसो, बॅबिप (मैदानात खेळलेल्या चेंडूंवरची सरासरी), मैदानात कुठल्या जागी खेळला, आणि शेवटी शेरा. आयसो म्हणजे स्लगिंगमधून (दर ॲट-बॅटमागे फटक्यांतून मिळालेले बेस) सरासरी वजा करून उरते ती निव्वळ ताकद. स्लगिंग ०.४५५ आणि सरासरी ०.२६० असेल तर आयसो ०.१९५.

टक्केवारी दोन प्रकारे लिहा: हंगामाची आणि शेवटच्या ८० वेळांची. २४० वेळा प्लेटवर येऊन ६६ स्ट्राइकआउट म्हणजे २७.५ टक्के, हे काळजीचं. पण त्यातल्या शेवटच्या ८० वेळांत १६च असतील तर ते २० टक्के. काहीतरी बदललं आहे. व्हिडिओ काढून बघायची वेळ हीच: उभं राहणं बदललं का, हात खाली आणले का, दोन स्ट्राइक झाल्यावर पाऊल लहान टाकतो का.

मैदानातल्या जागेचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तो सोडू नका. शॉर्टस्टॉप म्हणून गाजलेला पोरगा जूनपासून आठवड्यातून दोनदा लेफ्ट फिल्डला दिसू लागला तर दोन अर्थ निघतात. एक तर त्याच्या हाताबद्दल संघाचं मत उतरलंय. नाहीतर वरच्या संघात शॉर्टस्टॉपची जागा अडली आहे आणि बढतीची तयारी चालू आहे. वरच्या संघाची फळी डोळ्यांखालून घातली की बहुतेकदा कळतं यातलं कुठलं.

आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा

स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० वेळा प्लेटवर आल्यावर काहीतरी सांगू लागतं, वॉकचं १२० वेळांनंतर, आयसो १६० ॲट-बॅटनंतर. फलंदाजीच्या सरासरीला मात्र ९००च्या वर ॲट-बॅट लागतात, आणि मायनर लीगच्या एका हंगामात तेवढे मिळतच नाहीत. ज्या आकड्याकडे सगळ्यांची नजर आधी जाते तोच सगळ्यात कच्चा.

सरासरी फुगली आहे का हे बॅबिप सांगतो. एकूण हिटमधून होमरन वजा करा. मग ॲट-बॅटमधून स्ट्राइकआउट आणि होमरन वजा करून त्यात सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही धाव मिळवून देणारा फटका) मिळवा, आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. समजा २१० ॲट-बॅट, ७० हिट, ५ होमरन, ५५ स्ट्राइकआउट आणि २ सॅक्रिफाइस फ्लाय. सरासरी झाली ०.३३३, आणि बॅबिप ६५ भागिले १५२, म्हणजे ०.४२८. असा बॅबिप टिकत नाही. चपळ खेळाडू म्हणून ०.३३० धरला तरी ५५ हिट उरतात आणि सरासरी येते ०.२६२. हा खेळाडू वाईट नाही, पण मथळ्यात दिसतो तोही तो नाही.

ट्रिपल-ए आणि सिंगल-एची फ्लोरिडा स्टेट लीग यांचे स्टॅटकास्टचे (चेंडूचा वेग वगैरे मोजणाऱ्या यंत्रणेचे) आकडे बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तिथे चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला आणि स्ट्राइक झोनबाहेरच्या (प्लेटवरच्या वैध पट्ट्याबाहेरच्या) चेंडूवर फलंदाज किती वेळा बॅट फिरवतो, एवढं पाहिलं तरी पुरे. मेजर लीगमध्ये झोनबाहेरच्या साधारण २८ टक्के चेंडूंवर बॅट फिरते. ट्रिपल-एतच कुणी ३५ टक्क्यांवर असेल तर त्याची सरासरी कितीही देखणी असो, वर गेल्यावर पिचर त्याला झोनमध्ये चेंडू देणारच नाहीत.

मैदान, चेंडू आणि नियम

पावसाळ्यातल्या कांगा लीगमध्ये ओल्या खेळपट्टीवर काढलेल्या चाळीस धावांची किंमत मुंबईकरांना सांगावी लागत नाही. इथेही तोच न्याय. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की सुमारे ५,००० फूट उंचीवर आहे आणि रीनो ४,५०० फुटांवर. हवा विरळ, म्हणून चेंडू लांब जातो आणि कर्व्ह कमी वळतो. डबल-एत ॲमरिलोही फलंदाजांचंच. याउलट फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये दमट हवा आणि मोठी मैदानं, त्यामुळे होमरन महाग. हाय-एच्या मिडवेस्ट लीगच्या एप्रिलमध्ये तर थंडीने बोटं आखडतात, तेव्हा तिथला पहिला महिना फलंदाजाच्या विरोधात धरू नका. फॅनग्राफ्सवरचा डब्ल्यूआरसी प्लस हा फलंदाजीचा एकत्रित आकडा लीगच्या मानाने हिशेब करतो आणि १०० म्हणजे सरासरी. पण तोही खेळाडूच्या घरच्या मैदानाची पूर्ण भरपाई करत नाही. म्हणून घर आणि बाहेर असे वेगळे आकडे एकदा तरी पाहाच.

काही वेळा लीगच बदलते. २०२३च्या पूर्वार्धात डबल-एच्या सदर्न लीगमध्ये आधीच चिकट केलेला चेंडू वापरून पाहिला. तिथे स्ट्राइकआउट वाढले आणि नंतर जुना चेंडू परत आला. त्या तीन महिन्यांतले पिचरचे आकडे वेगळेच वाचावे लागतात. ट्रिपल-एत २०२३मध्ये आणि २०२४च्या पूर्वार्धात बऱ्याच सामन्यांत स्ट्राइक-बॉलचा निवाडा यंत्र करत होतं. त्या काळातले वॉक आजच्या वॉकशी थेट ताडू नका.

पिचर

मायनर लीगमध्ये पिचरचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर लागलेल्या धावा) बाजूला ठेवलेलाच बरा. त्यात मागच्या क्षेत्ररक्षकांचा कच्चेपणा, खडबडीत इनफिल्ड आणि धावफलक लिहिणाऱ्याची उदारता सगळं मिसळलेलं असतं. स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा करा. ९० फलंदाजांपैकी २८ स्ट्राइकआउट आणि ७ वॉक असतील तर ३१.१ वजा ७.८, म्हणजे २३.३. वीसच्या वर असेल तर उत्तम. स्ट्राइकआउटचा अंदाज ७० फलंदाजांनंतर येतो, वॉकचा १७० फलंदाजांनंतर. म्हणजे मे महिन्यात कुणाचं नियंत्रण सुधारलं असं छातीठोक म्हणू नका.

सहा सामन्यांच्या मालिकेमुळे स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) बहुधा आठवड्यातून एकदाच खेळतो. त्याचा वार वहीत टिपून ठेवा. प्रत्येक स्टार्टनंतर चार गोष्टी: इनिंग, एकूण पिच, पहिल्या इनिंगमधला फास्टबॉलचा वेग आणि शेवटच्या इनिंगमधला वेग. वेग दोन मैलांनी उतरला आणि पुढच्या आठवड्यात ठरलेल्या वारी नाव दिसलं नाही, तर बहुतेकदा दुखापतीची बातमी मागोमाग येते.

कमी इनिंग म्हणजे कमी दर्जा, हा गैरसमज फार महागात पडतो. २०२४मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सने त्यांच्या ट्रिपल-ए संघाकडून, इंडियानापोलिसकडून, सात स्टार्टमध्ये फक्त २७ पूर्णांक एक तृतीयांश इनिंग टाकल्या. म्हणजे दर सामन्यात चारसुद्धा नाहीत. पण त्यांत स्ट्राइकआउट होते ४५. पिट्सबर्ग त्याचा हात जपून चढवत होतं, आणि ११ मे रोजी तो मेजर लीगमध्ये उतरला. पिचची संख्या दर दोन-तीन स्टार्टला टप्प्याटप्प्याने वाढताना दिसली की समजायचं, पोरगा योजनेनुसार चाललाय.

नाव गायब झालं तर

तीन दिवस बॉक्स स्कोअरमध्ये नाव नसेल तर संघाच्या पानावरचा व्यवहारांचा विभाग उघडा. सात दिवसांची दुखापत यादी बरेचदा किरकोळ दुखण्यासाठी असते, ६० दिवसांची मात्र गंभीर. डेव्हलपमेंट यादीवर नाव गेलं तर घाबरायचं कारण नाही. पिचरला विश्रांती द्यायची असते किंवा सामन्याबाहेर काही सुधारणा करून घ्यायची असते.

दुखापतीतून परतणारा खेळाडू खालून वर चढत येतो, आणि अशा वेळी पायरीकडे नाही, तब्येतीकडे पाहायचं. आईकडून भारतीय वंशाचा असलेला कुमार रॉकर हा रेंजर्सचा पिचर. मे २०२३मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. २०२४च्या जुलैत तो ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीगमधून सुरू झाला, मग फ्रिस्को (डबल-ए), मग राउंड रॉक (ट्रिपल-ए), आणि सप्टेंबरात थेट मेजर लीग. कॉम्प्लेक्स लीगमध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना त्याने बाद केलं याला काही अर्थ नव्हता. वेग परत आला का आणि पाच-सहा दिवसांनी तो पुन्हा तसाच टाकू शकतो का, हेच बघण्यासारखं होतं.

बढती

बढत्या जूनमध्ये वाढतात आणि जुलैअखेर पुन्हा उसळी घेतात. ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) जुलैत होतो, कॉम्प्लेक्स लीग संपते, ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत येते, आणि कॉलेजमधून आलेल्या नव्या पोरांसाठी खालच्या संघांत जागा करावी लागते. त्यामुळे ऑगस्टमधली प्रत्येक बढती कौतुकाची नसते. काही निव्वळ जागा भरण्यासाठी असतात.

बढतीनंतर खेळाडू पहिल्या ६० वेळा प्लेटवर येतो ते फक्त नोंदवा, निष्कर्ष काढू नका. बाल्टिमोर ओरिओल्सच्या जॅक्सन हॉलिडेने २०२३च्या एकाच हंगामात १९व्या वर्षी सिंगल-एपासून ट्रिपल-एपर्यंत चारही पायऱ्या चढल्या. एप्रिल २०२४मध्ये मेजर लीगला गेल्यावर दहा सामन्यांत ३४ ॲट-बॅटमध्ये त्याला दोनच हिट मिळाले आणि १८ स्ट्राइकआउट झाले. त्याला ट्रिपल-एच्या नॉरफोकला परत पाठवलं, आणि ३१ जुलैला पुन्हा बोलावलं. ट्रिपल-ए ते मेजर लीग ही सगळ्यात उंच पायरी आहे. परत पाठवलेल्याची ओळ वहीतून खोडू नका. खाली येऊन तो नेमकं काय दुरुस्त करतो ते बघायला याच ओळीखाली नवी ओळ सुरू करा.

सप्टेंबरच्या मध्यावर खालच्या पायऱ्यांचे हंगाम संपले की प्रत्येक प्रश्नापुढे हो, नाही किंवा अजून नाही, असं उत्तर लिहा. ज्यांच्यापुढे "अजून नाही" आलं त्यांची नावं ऑक्टोबरमध्ये ॲरिझोना फॉल लीगच्या सहा संघांत शोधा. मग नोव्हेंबरच्या मध्यावर संघ आपले कोणते खेळाडू मेजर लीगच्या ४० जणांच्या यादीत घालून रूल-५ ड्राफ्टपासून (ज्यात दुसरे संघ न राखलेले खेळाडू उचलू शकतात) राखतात ते पाहा. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार झालेल्याला पाच हंगामांनंतर, मोठ्या वयात झालेल्याला चार हंगामांनंतर हे राखणं लागतं. तुमच्या वहीतलं कुठलं नाव या वर्षी त्या मुदतीला पोहोचतंय ते एप्रिलमध्येच रकान्यात लिहून ठेवलं असेल, तर संघाचा निर्णय आणि तुमचं उत्तर त्याच दिवशी शेजारी ठेवून ताडता येईल.