जुना आजार असताना लस राहून जाते, ती या चुकांमुळे

मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या ज्या लोकांची लस राहिलेली असते, त्यातल्या बऱ्याच जणांनी तिला कधी नकार दिलेलाच नसतो. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासलं जातं, गोळ्यांचे डोस बदलतात, पण लसीचा विषय काही निघत नाही. आणि फ्लू किंवा न्यूमोनिया सगळ्यात महागात पडतो तो नेमका याच लोकांना.

"गरज असती तर डॉक्टरांनी सांगितलं असतं"

ही सगळ्यात मोठी चूक. हृदयाच्या डॉक्टरांना वाटतं, लसीचं फॅमिली डॉक्टर बघत असतील. फॅमिली डॉक्टरांना वाटतं, एवढा मोठा आजार आहे, ते स्पेशालिस्टच ठरवतील. रुग्ण दोघांकडेही नियमित जातो आणि लस मात्र कुणाच्याच कामात बसत नाही.

नुसतं सांगण्यानेही किती फरक पडतो ते डेन्मार्कमध्ये दिसलं. १८ ते ६४ वयाच्या, जुनाट आजार असलेल्या लोकांना फ्लूच्या लसीची आठवण करून देणारी साधी डिजिटल पत्रं पाठवली गेली. पत्र न मिळालेल्यांत २७.९ टक्के लोकांनी लस घेतली, तर पत्र मिळालेल्यांत ३९.६ टक्के लोकांनी. लस तीच, लोकही तसेच. एका पत्राने एवढं होत असेल, तर समोर बसलेल्या डॉक्टरांनी आपणहून विषय काढला तर किती होईल!

म्हणून पुढच्या फॉलो-अपला थेट विचारा: "माझ्या आजारात कोणत्या लसी लागतात आणि त्यातल्या कोणत्या बाकी आहेत?" उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं दाराबाहेर पडेपर्यंत विसरलं जातं. लसीचा हिशोब कोणते डॉक्टर ठेवणार, हेही त्याच वेळी ठरवून घ्या.

"तब्येत जरा स्थिरावली की घेऊ"

जुनाट आजारात असा दिवस पुष्कळदा उजाडतच नाही. शुगर वाढलेली आहे, बीपी वरखाली होतंय, ही लस पुढे ढकलण्याची कारणं नाहीत. साध्या सर्दीतही लस घेता येते. जोराचा ताप किंवा गंभीर संसर्ग असेल तर मात्र तो ओसरेपर्यंत थांबावं.

हृदयरुग्णांनी तर हे मनावर घ्यावंच. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट असल्याचं त्यात आढळलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झटका आलेल्या रुग्णांना दवाखान्यात असतानाच, ७२ तासांच्या आत, फ्लूची लस दिली होती. वर्षभरात लस घेतलेल्यांपैकी २.९ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी ४.९ टक्के. नुकत्याच झटक्यातून उठलेल्या माणसाला जी लस देता येते, तिच्यासाठी "जरा बरं वाटू दे" म्हणून थांबण्यात काय अर्थ आहे?

लस घेतल्यावर एखाददोन दिवस शुगर थोडी वाढू शकते. ती नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. इन्सुलिन किंवा गोळ्या आपल्या मनाने बदलू नका.

"प्रतिकारशक्ती कमी आहे, म्हणून लसच नको"

इथे थोडं खोलात जायला हवं, कारण या भीतीत अर्धं सत्य आहे. काही लसींत जिवंत पण कमजोर केलेला जंतू असतो: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पिवळा ताप, नाकात फवारायची फ्लूची लस. प्रतिकारशक्ती खूप दबलेली असेल तर या सहसा टाळतात. किमोथेरपी चालू असलेले रुग्ण त्यात येतात, तसेच दोन आठवडे किंवा जास्त काळ रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन (एक स्टेरॉइड) घेणारेही.

पण फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस, हेपटायटिस बी आणि नागिणीची नवी दोन डोसांची लस यांत जिवंत जंतू नसतो. त्यांच्यामुळे तो आजार होऊ शकत नाही. परिणाम कदाचित थोडा कमी मिळेल, म्हणून वेळ नीट साधायची. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होणार असेल तर शक्यतो किमान दोन आठवडे आधी लस उरकावी. प्लीहा (संसर्गाशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव) काढायची शस्त्रक्रिया ठरली असेल तरी हेच. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन चालू असेल तर कोणती लस कधी घ्यायची, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. लसीसाठी मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांत देतात ते औषध) मनाने थांबवू नका.

घरातल्या बाकीच्यांनीही आपापल्या लसी घ्याव्यात. रुग्णापर्यंत संसर्ग घरातूनही पोचू शकतो.

रक्त पातळ करणारी गोळी बंद करणं

करू नका. लस देणाऱ्याला आधी सांगा. बारीक सुई वापरून, नंतर किमान दोन मिनिटं जागा न चोळता घट्ट दाबून धरली की पुरतं.

"एकदा घेतली होती की!"

फ्लूचे विषाणू बदलत राहतात, म्हणून ती लस दरवर्षी लागते. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, त्यामुळे साथ सुरू व्हायच्या आधी घ्यावी. डायलिसिसच्या रुग्णांना हेपटायटिस बीचा सहसा दुप्पट डोस लागतो, आणि प्रतिपिंडं (जंतूशी लढणारी रक्तातली प्रथिनं) पुरेशी आहेत का हे दरवर्षी रक्तातून बघावं लागतं. मधला डोस चुकला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेले पूर्ण करायचे.

दवाखान्यांची चूक: "सांगितलं होतं, आले नाहीत"

जुनाट आजाराच्या माणसाला आधीच इतक्या खेपा असतात की लसीसाठी वेगळी खेप म्हणजे बहुतेक वेळा न झालेली खेप. तपासणीच्या दिवशीच, त्याच जागी लस द्या. फाइलच्या पहिल्या पानावर बाकी लसी लिहा आणि एका ठरावीक सिस्टरकडे ही जबाबदारी सोपवा. आला नाही तर पुन्हा आठवण करा.

कुणी "मागच्या वेळी त्रास झाला" म्हटलं, तर नेमकं काय झालं ते पूर्ण ऐका. हात दुखणं, एक दिवस कसकस वाटणं वेगळं. काही मिनिटांत अंगावर गांधी, घशाला सूज, श्वासाला त्रास हे वेगळं. दुसऱ्या प्रकारात तीच लस पुन्हा देण्याआधी ॲलर्जीच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यायलाच हवा. पहिल्या प्रकारात त्या माणसाला पॅरासिटामॉल कधी घ्यायची, फोन कुठे करायचा हे सांगून पाठवा, आणि पुढच्या डोसची तारीख त्याच्या देखत लिहा.