सीजीए कार्डासाठी स्वतःचा व्हिडिओ अडॅप्टर बोर्ड: डिझाइनपासून ऑर्डरपर्यंत

जुना एक्सटी (आयबीएमचा ऐंशीच्या दशकातला पीसी) मिळतो, चालू पण होतो, बीप देतो, पण बघणार कशावर? त्याच्या सीजीए कार्डाला (आयबीएमचं जुनं रंगीत ग्राफिक्स कार्ड) लागणारे मॉनिटर कधीच भंगारात गेलेत आणि चोर बाजारात एखादा सापडलाच तर तो लोकलमधून घरी आणायची हिंमत माझ्यात तरी नाही. म्हणून छोटा अडॅप्टर बोर्ड बनवायचा, सीजीएचा सिग्नल घेऊन स्वस्तातल्या स्केलरला (एका प्रकारचा व्हिडिओ सिग्नल दुसऱ्यात बदलणारा बोर्ड) समजेल असा करून द्यायचा, आणि स्केलरच्या पुढे घरातला साधा एलसीडी.

आधी एक खरं सांगतो. तुम्हाला फक्त चित्र पाहिजे असेल तर आरजीबी टू एचडीएमआय नावाचा रास्पबेरी पाय झिरोवर चालणारा ओपन प्रोजेक्ट आहे, तो डिजिटल सिग्नल थेट घेतो आणि चित्र याच्यापेक्षा शार्प देतो, तो घ्या आणि मोकळे व्हा. बोर्ड स्वतः बनवायची खाज असेल तर पुढे वाचा.

सीजीएच्या ९ पिनच्या सॉकेटमधून रेड, ग्रीन, ब्लू आणि इंटेन्सिटी (रंग उजळ करणारी) अशा चार लाइन येतात, प्रत्येक फक्त चालू किंवा बंद, त्यातून १६ रंग. पिन १ आणि २ ग्राउंड, ३ रेड, ४ ग्रीन, ५ ब्लू, ६ इंटेन्सिटी, ७ राखीव, ८ हॉरिझॉन्टल सिंक, ९ व्हर्टिकल सिंक. लाइन फ्रिक्वेन्सी साधारण १५.७ किलोहर्ट्झ. व्हीजीए मॉनिटरला ३१.५ लागते, म्हणून नुसत्या वायरी जोडून काहीच दिसत नाही आणि मधे स्केलर लागतोच. जीबीएस-८२०० नावाचा बोर्ड त्यासाठी चालतो, पण त्याला रंग अ‍ॅनालॉग पाहिजेत, ० ते ०.७ व्होल्टमधले, आणि सिंक एकत्र केलेला. (मूळ फर्मवेअर ठीकठाकच आहे, ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप लावून जीबीएस-कंट्रोल हे फर्मवेअर टाकलं की बराच फरक पडतो, पण तो वेगळा विषय.) म्हणजे आपल्या बोर्डाचं काम एवढंच, चार डिजिटल लाइनचे तीन अ‍ॅनालॉग रंग करायचे आणि दोन सिंकचा एक करायचा.

आता लेव्हलचं गणित, आणि हे नीट समजून घ्या कारण नेटवरच्या अर्ध्या सर्किटमध्ये रेझिस्टन्सच्या व्हॅल्यू कुठून आल्या ते कोणी सांगतच नाही. स्केलरच्या आत प्रत्येक रंगाला ७५ ओहमचं टर्मिनेशन (लाइन संपते तिथे ग्राउंडला लावलेला रेझिस्टन्स) असतं. रंगाच्या लाइनमधून दोन तृतीयांश आणि इंटेन्सिटीमधून एक तृतीयांश व्होल्टेज यायला पाहिजे. ५ व्होल्टच्या बफरपासून (सिग्नल तसाच, पण ताकदीने पुढे देणारं सर्किट) रंगाला ६८० ओहम आणि इंटेन्सिटीला १.५ के लावलं की नुसता रंग ०.४७ व्होल्ट, नुसती इंटेन्सिटी ०.२२, दोन्ही मिळून ०.६९. झालं, एवढंच पाहिजे होतं. पण एकच इंटेन्सिटी आउटपुट तीन रेझिस्टन्सना लावू नका, करंट जास्त खेचला जातो. तिन्ही रंगांना इंटेन्सिटीचा वेगळा बफर द्या.

बफर कुठला? ७४एचसीटी२४४, आणि त्यातला 'टी' महत्त्वाचा. जुन्या कार्डावरच्या एलएस फॅमिलीच्या चिपचा हाय कधीकधी अडीच-पावणेतीन व्होल्टवरच थांबतो, साध्या एचसीला ५ व्होल्टवर साडेतीन लागतात, एचसीटीला २ व्होल्ट पुरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) काउंटरवर "२४४ द्या" म्हणालात तर हातात काय येईल ते सांगता येत नाही, चिपवरचा नंबर तिथेच वाचून घ्या.

मग येतो ब्राऊन. रंग नंबर ६, म्हणजे रेड आणि ग्रीन चालू, ब्लू आणि इंटेन्सिटी बंद. गणिताने तो शेवाळी पिवळा दिसायला पाहिजे, पण आयबीएमच्या ५१५३ मॉनिटरमध्ये मुद्दाम त्या एकाच रंगाचा ग्रीन अर्धा करणारं सर्किट होतं, म्हणून लोकांना तो ब्राऊन म्हणून आठवतो. हे आपल्याला एका चिपमध्ये जमतं, बफरच्या आधी एक एटीएफ१६व्ही८ टाका, म्हणजे हवं ते लॉजिक आत भरता येणारी चिप, जुन्या जीएएल१६व्ही८ चा भाऊ. त्यात लॉजिक असं लिहायचं की ब्राऊनचं कॉम्बिनेशन आलं की ग्रीनची मुख्य लाइन बंद आणि ग्रीनच्या वाट्याची इंटेन्सिटी चालू. एक तृतीयांश ग्रीन आपोआप मिळतो, एक्स्ट्रा रेझिस्टन्स लागत नाही. त्याच चिपमध्ये दोन्ही सिंकचा एक्सऑर (दोघांपैकी एकच चालू असेल तरच चालू) करून उलटा करा, सीजीएचे दोन्ही सिंक पॉझिटिव्ह असतात आणि स्केलरला निगेटिव्ह हवा, म्हणजे तेही काम झालं. सगळ्या लाइन एकाच चिपमधून गेल्या की डिले पण सारखा राहतो, रंगांच्या कडा सरकत नाहीत. प्रोग्रॅम करायला टीएल८६६ किंवा तसला प्रोग्रॅमर लागेल, कोणाकडून तरी मागून आणा.

एकूण आउटपुट सात होतात आणि २४४ मध्ये बफर आठ, उरलेल्या बफरचं इनपुट ग्राउंडला बांधा, मोकळं सोडू नका. पिन १ आणि १९ पण ग्राउंडला, नाहीतर चिप चालूच होणार नाही. एटीएफमध्ये आतून पुल-अप (इनपुट ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टन्स) असतं, केबल काढली की सगळे इनपुट हाय वाचले जातात आणि स्क्रीन पांढराफटक होतो, म्हणून सहाही इनपुटला १० के खाली ग्राउंडला द्या.

बोर्ड स्वस्त असतो, त्याची वाट बघणं महाग पडतं. म्हणून जिथे जिथे शंका आहे तिथे बोर्डावरच पर्याय ठेवायचा. पिन २ बघा, सीजीएवर ती ग्राउंड आहे पण ईजीए (सीजीएनंतरचं) कार्डावर तिथेच रेडची दुसरी लाइन येते, बोर्डाने ती थेट ग्राउंड केलेली असेल आणि कोणी ईजीए कार्डात खुपसलं तर आउटपुट शॉर्ट. तिथे सोल्डर जंपर (सोल्डरच्या थेंबाने जोडायचे दोन पॅड) ठेवा आणि कनेक्शन जपून करा. सिंकच्या लाइनला सिरीज रेझिस्टन्सचा फुटप्रिंट ठेवा, पुढचं इनपुट ७५ ओहमचं असेल तर ४७० ओहम लावा, टीटीएल (० ते ५ व्होल्ट) लेव्हल चालत असेल तर वायरचा तुकडा. एटीएफच्या एका रिकाम्या इनपुटला पण जंपर द्या आणि त्यावर दुसरा मोड लिहा. हे कशासाठी, तर १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या सरकारी शाळा-संगणक प्रोजेक्टमुळे आपल्याकडच्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले होते आणि अजून कुठेतरी एखादा निघतो. त्याच्या आरजीबी सॉकेटला इंटेन्सिटी नसतेच आणि सिंक आधीच एकत्र असतो, म्हणून त्या मोडमध्ये ब्राऊनचा खेळ बंद, इंटेन्सिटीच्या लाइन रंगांबरोबरच चालू आणि सिंक जसा येईल तसा पुढे.

पॉवर सीजीएच्या सॉकेटवर नसते. जीबीएस पण ५ व्होल्टवरच चालतो, एकाच अडॅप्टरवरून दोघांना द्या. यूएसबी-सी लावायची हौस असेल तर दोन्ही सीसी पिनना वेगवेगळा ५.१ के ग्राउंडला द्यायला विसरू नका, नाहीतर सी टू सी केबलवर चार्जर एक व्होल्टही देणार नाही.

बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर केआयकॅड फुकट आहे, तेच वापरा. ड्रॉइंगपेक्षा जास्त वेळ कनेक्टरवर घालवा, खरंच, कारण रेट्रो अडॅप्टर मरतात ते मिरर झालेल्या कनेक्टरने. सीजीए कार्डावर फीमेल सॉकेट आहे म्हणून बोर्डावर मेल. मेल आणि फीमेल समोरून बघितले की पिनचा क्रम उलट. डोक्यात फिरवत बसू नका, कनेक्टरच्या प्लास्टिकवर पिनशेजारी बारीक आकडे असतात ते मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचा आणि स्कीमॅटिकशी जुळवा. मी तर राइट अँगल कनेक्टरच्या भानगडीत पडतच नाही, पिनपासून कडेपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं. केबलला लावतात तो सोल्डर कपवाला डीबी-९ घ्या, स्वस्त आणि कुठेही मिळतो, त्याच्या दोन रांगांच्या मधे १.६ मिलीमीटरचा बोर्ड बरोब्बर घुसतो. वर पाच पॅड, खाली चार. पीसीच्या मागे बोर्ड लटकवायचा नसेल तर सिरीयलची मेल-फीमेल एक्स्टेंशन केबल चालते, पण सरळ पाहिजे, नल मोडेम (आत वायरी उलटसुलट केलेली) नको, आणि मीटरने नऊच्या नऊ वायरी तपासा.

बाकी लेआउट सोपा आहे. दोन लेयर, खाली पूर्ण ग्राउंड, सिग्नल ट्रेस ०.२५ मिलीमीटर, पॉवर ०.५ च्या वर, प्रत्येक चिपच्या पॉवर पिनला चिकटून १०० नॅनोफॅरड. चिप डिप पॅकेजच्या आणि खाली आयसी बेस. सिल्कस्क्रीनवर प्रत्येक जंपर काय करतो ते शब्दांत लिहा आणि व्हर्जन नंबर टाका. ईआरसी, डीआरसी (केआयकॅडच्या सर्किट आणि लेआउटच्या तपासण्या) यांतल्या चुका शून्य झाल्या की बोर्ड कागदावर एकास एक प्रिंट करा, प्रिंटरला 'फिट टू पेज' बंद करायला सांगा, आणि खरा कनेक्टर, खऱ्या चिप कागदात टोचून बघा. हा कागदाचा टप्पा गाळला तर ऑर्डर करूच नका.

गर्बर म्हणजे फॅक्टरीला द्यायच्या फाइल, त्यात दोन कॉपर, दोन मास्क, सिल्क, एज कट आणि वेगळी ड्रिल फाइल, सगळं झिप करून अपलोड करण्याआधी गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडून भोकं जागेवर आहेत का बघा. साइटवर जाडी १.६ मिलीमीटर, कॉपर १ औंस, फिनिश साधं एचएएसएल (पॅडवर सोल्डरचा थर), रंग हिरवा. काळा बोर्ड भारी दिसतो पण ट्रेस दिसत नाहीत, डिबगिंगला वैताग. चिनी फॅबमध्ये (बोर्ड बनवणाऱ्या फॅक्टरीत) १० बाय १० सेंटीमीटरच्या आत आणि पाच नग असं ठेवलं की सगळ्यात खालचा रेट लागतो, पण तो आकडा बघून खूश होऊ नका, कुरियर बोर्डापेक्षा महाग, वर ड्युटी, जीएसटी, कुरियरवाल्याचा क्लिअरन्स चार्ज आणि केवायसी, आधार किंवा पॅनवरचं नाव ऑर्डरवरच्या नावाशी जुळलं नाही तर पार्सल अडकतं. गुजरातची पीसीबी पॉवर, बंगळुरूची लायन सर्किट्स असे आपल्याकडचे फॅब पण आहेत, त्यांचा नुसता बोर्डाचा रेट जास्त वाटला तरी कस्टमची कटकट नाही, सगळं धरून दोन्हीकडचा हिशोब मांडा आणि मग ठरवा. शेजारी दोन-तीन मित्रांची डिझाइन असतील तर एकत्र ऑर्डर करा, कुरियर वाटून जातो.

बोर्ड आले की लगेच पीसीला लावू नका. आधी मीटरने ५ व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट नाही ना बघा, मग चिप बसवा, प्रत्येक रंगाच्या आउटपुटला ७५ ओहम ग्राउंडला लावा आणि इनपुटला जंपर वायरने ५ व्होल्ट द्या. रेडला दिलं की ०.४७ च्या आसपास, रेड आणि इंटेन्सिटी दोन्ही दिली की ०.६९ च्या आसपास, बफरच्या आतल्या रेझिस्टन्समुळे थोडं कमीच येईल, ०.६५ पण चालेल. रेड आणि ग्रीन एकत्र दिले की ग्रीन ०.२२ वर पडला पाहिजे, तो ०.४७ वरच राहिला तर एटीएफमधलं लॉजिक तपासा. हे सगळं जुळलं की मगच एक्सटी. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये (डॉसवरची बेसिक भाषा) ० ते १५ कलर लूपमध्ये प्रिंट करा. रंग अदलाबदल झाले तर रंगांच्या तीन वायरी कुठेतरी उलटसुलट लागल्यात, चित्र तिरकं पळत असेल तर सिंकची पोलॅरिटी किंवा ती ४७० ओहमची जागा, आणि ८ ते १५ हे रंग ० ते ७ सारखेच दिसत असतील तर इंटेन्सिटीची पिन ६ पोचतच नाहीये, बहुतेक वेळा केबलमध्येच.